सोलापूरला समुद्र नाही, मग डाळिंब सिडनीला पोहोचतं कसं?

६ डिसेंबर २०२४ ला भारतातून डाळिंबाची एक खेप जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे निघाली. प्रत्येकी ३ किलोचे १,९०० बॉक्स, म्हणजे एकूण ५.७ टन माल. फळ आपल्या सोलापूर भागातलं. १३ जानेवारी २०२५ ला ही खेप सिडनीला उतरली. भारतीय डाळिंब समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यामुळे शेतमालाची निर्यात सांभाळणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ही बातमी कौतुकाने सांगितली.

आता तारखा पुन्हा बघा. ६ डिसेंबर ते १३ जानेवारी म्हणजे ३८ दिवस. एवढे दिवस फळ टिकलं याचं कौतुक आहेच. पण ग्राहकाच्या बाजूने विचार केला तर मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माल कधी येणार हे सिडनीतल्या व्यापाऱ्याला आधी माहीत असेल, तर तो कोल्ड स्टोरेज बुक करतो, दुकानदारांना शब्द देतो, पुढची ऑर्डरही देतो. तारीखच पक्की नसेल तर तो दुसऱ्या देशाचं डाळिंब घेतो. फळ कितीही गोड असो.

सोलापूर ते न्हावा शेवा बंदर रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर. सगळं नीट झालं तर ट्रक रात्रीत पोहोचतो. सिडनीपर्यंतच्या प्रवासात हे अंतर म्हणजे किरकोळच. तरीही सोलापूरच्या निर्यातदाराची झोप उडते ती बहुतेक वेळा याच ४०० किलोमीटरमध्ये. असं का होतं, आणि तुमच्या हातातला फोन त्यात काय बदलू शकतो, हे या लेखात बघू. त्यासाठी आधी नेपाळ आणि इथिओपियाला एक चक्कर मारावी लागेल.

ज्यांना समुद्रच नाही

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३२ विकसनशील देश आहेत ज्यांना समुद्रकिनारा नाही. नेपाळ, भूतान, अफगाणिस्तान, इथिओपिया, रवांडा ही त्यातली काही नावं. या देशांच्या अडचणींवर ऑगस्ट २०२५ मध्ये तुर्कमेनिस्तानातल्या अवाझा इथे मोठी जागतिक परिषदही झाली. नेपाळचा समुद्रमार्गे जाणारा-येणारा माल मुख्यतः आपल्या कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणम बंदरांतून जातो. इथिओपियाचा जवळजवळ सगळा व्यापार शेजारच्या जिबूतीच्या बंदरावर अवलंबून आहे.

आपल्याला पहिल्यांदा वाटतं की यांचा प्रश्न अंतराचा आहे. अंतर जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून माल महाग. हे खरं आहे, पण अर्धंच. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये ‘द कॉस्ट ऑफ बीइंग लँडलॉक्ड’ नावाचं पुस्तक काढलं. त्यातला मुख्य मुद्दा असा की अशा देशांना ट्रकच्या भाड्यापेक्षा अनिश्चितता जास्त छळते.

सोपं उदाहरण घेऊ. तुमची बस रोज ४० मिनिटं उशिरा येते. त्रास आहे, पण तुम्ही तसे निघता. दुसरी बस कधी वेळेवर येते, कधी दोन तास उशिरा. सरासरी काढली तर कदाचित दोघींचा उशीर सारखाच निघेल. पण दुसऱ्या बसच्या भरवशावर तुम्ही परीक्षेला जाणार नाही. व्यापाराचंही असंच आहे. माल नेहमी १० दिवसांत पोहोचत असेल तर १० दिवसांचा हिशोब धरता येतो. कधी ६, कधी २० दिवस लागत असतील तर २० चाच हिशोब धरावा लागतो. जास्तीचे दिवस, जास्तीचा साठा, जास्तीचं व्याज, सगळं मालाच्या किमतीवर चढतं.

सिमियन जांकोव्ह, कॅरोलिन फ्रॉइंड आणि काँग फाम या अर्थशास्त्रज्ञांनी आणखी थेट मोजमाप केलं. माल जहाजावर चढण्याआधी वाया जाणाऱ्या प्रत्येक जादा दिवसामागे देशाचा व्यापार १ टक्क्याहून जास्त घटतो, असं त्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. फळं-भाज्यांसारख्या नाशवंत मालाला हा फटका आणखी मोठा बसतो. यात ‘जहाजावर चढण्याआधी’ हे शब्द लक्षात ठेवा. सोलापूरचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

आणि समुद्र नसणं म्हणजे नशीबच फुटकं, असंही नाही. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, तरी तो श्रीमंत देश आहे. बाझल शहरातून ऱ्हाइन नदीमार्गे त्याचा माल थेट समुद्राकडे जातो. इथिओपियाने गुलाबाची शेती वाढवली, कारण फुलं विमानाने जाऊ शकतात आणि त्यांच्याकडे मजबूत सरकारी विमान कंपनी आहे. बंदराची उणीव त्यांनी दुसऱ्या सेवेने भरून काढली.

सोलापूर म्हणजे नेपाळ नाही, पण…

सोलापूर जिल्हा आहे, देश नाही. आपला ट्रक न्हावा शेव्याला जाताना कुठलीही आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत नाही, दुसऱ्या देशाच्या कस्टम्सपुढे उभा राहत नाही. चलन एक, कायदा एक. नेपाळच्या मानाने आपण सुदैवी आहोत. २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने भारत-नेपाळ सीमेवर माल अडकला, तेव्हा नेपाळमध्ये इंधन आणि औषधांची टंचाई झाली होती. तशी वेळ आपल्यावर येत नाही.

पण निर्यातदाराच्या नजरेतून काही गोष्टी सारख्याच दिसतात. बंदर लांब, तिथले नियम दुसरे ठरवतात, जहाजाची वेळ दुसरे ठरवतात, आणि उशीर झाला तर भरपाई आपल्या खिशातून.

आणि सोलापूरकडे पाठवायला माल भरपूर आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही जीआय मानांकन आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल परदेशातल्या बाजारात जातात. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यात डाळिंब आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. करमाळा तालुक्यातलं कंदर केळीच्या निर्यातीसाठी ओळखलं जातं. उजनीच्या पाण्यावर वाढलेली ही केळी आखाती देशांत जातात.

इतिहासातही हे दिसतं. सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये. शहराची पहिली मोठी कापड गिरणी, जी पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली, ती उभी राहिली १८७७ मध्ये. मुंबईपर्यंत माल खात्रीने नेणारी गाडी आधी आली, गिरणी नंतर. लॉजिस्टिक्स हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण काम तेच होतं.

तीन तासांचा उशीर सात दिवसांचा कसा होतो?

प्रत्येक जहाजासाठी बंदराच्या गेटवर एक शेवटची वेळ ठरलेली असते. तिला कट-ऑफ म्हणतात. समजा कट-ऑफ गुरुवारी संध्याकाळी ६ ची आहे. तुमचा कंटेनर ५ ला गेटच्या आत गेला तर तो या जहाजावर चढतो. रात्री ९ ला पोहोचला तर जहाज चुकलं. त्या मार्गावरची सेवा आठवड्यातून एकदाच असेल तर पुढचं जहाज सात दिवसांनी. या धंद्यातले लोक याला ‘कंटेनर रोल झाला’ म्हणतात.

म्हणजे रस्त्यावर झालेला तीन तासांचा उशीर परदेशातल्या ग्राहकासाठी एका आठवड्याचा होतो. लोकल चुकली तर दहा मिनिटांनी दुसरी मिळते, तसं इथे नाही.

हे तीन तास कुठे जातात? कधी बोरघाटात कोंडी होते. कधी पुण्याच्या बाजूला अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी असते. कधी इनव्हॉइसवरचं वजन आणि शिपिंग बिलावरचं वजन जुळत नाही. कधी बंदराबाहेर ट्रकची रांग असते. यातली कुठलीही अडचण रोज येत नाही, पण कुठली ना कुठली येतेच. म्हणून शहाणा निर्यातदार एक-दोन दिवस आधीच माल काढतो.

हे आधी निघणं फुकट नसतं. ट्रक उभा राहिला की त्याचं भाडं लागतं. फळांचा रेफर कंटेनर, म्हणजे चाकांवरचा फ्रिजच, उभा असतानाही जनरेटरवर डिझेल पितो. शिपिंग कंपनी कंटेनर वापरायला काही दिवस मोफत देते, त्यानंतर रोजचा दंड. त्यात रिकामा कंटेनर आधी बंदराच्या बाजूने सोलापूरला आणावा लागला, तर एका फेरीचे ४०० किलोमीटर दोन फेऱ्यांचे ८०० होतात.

टॉवेलचा एक कल्पित हिशोब करू. समजा कंटेनरमध्ये ३० लाखांचा माल आहे आणि तो वर्षाला १२ टक्के व्याजाच्या कर्जावर तयार झाला आहे. रोजचं व्याज झालं साधारण ९८६ रुपये. माल १२ दिवस जास्त अडकला तर सुमारे ११,८०० रुपये फक्त व्याजात गेले. भाडं, दंड, ग्राहकाने कापलेली रक्कम वेगळीच. मोठ्या कंपनीला हे किरकोळ वाटेल. पण आठ-दहा यंत्रमाग चालवणाऱ्या कारखानदाराचा नफाच तेवढा असू शकतो.

टॉवेल निदान सडत नाही. डाळिंबाचं तसं नाही. योग्य तापमान आणि पॅकिंग असेल तर डाळिंब ६० दिवसांपर्यंत टिकवता येतं, हे अमेरिकेच्या बाजारासाठी केलेल्या साठवणुकीच्या चाचणीत दिसलं. त्यानंतर जहाजाने पाठवलेली सुमारे १४ टनांची भगवा डाळिंबाची खेप मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचली, पाच आठवड्यांच्या आत. आता सिडनीचा हिशोब लावा. ६० पैकी ३८ दिवस प्रवासात गेले. उरले २२. तिथली तपासणी, गोदाम, दुकान आणि ग्राहकाचा फ्रिज, सगळं या २२ दिवसांत बसवायचं. एक जहाज चुकलं की २२ चे १५ होतात.

आणि काही गोष्टी कोणाच्याच हातात नसतात. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, त्याचे मीम तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी वाढला, भाडंही वाढलं. २०२४ च्या हंगामात महाराष्ट्राच्या द्राक्ष निर्यातदारांना याचा थेट फटका बसला. समुद्रातलं आपण बदलू शकत नाही, म्हणूनच जमिनीवरचा उशीर कमी करणं जास्त गरजेचं होतं.

फोनवर आज काय काय दिसतं?

दहा वर्षांपूर्वी माल कुठे आहे हे कळायचा एकच मार्ग होता, ड्रायव्हरला फोन. “पोचतोयच साहेब” हे उत्तरही ठरलेलं. आज चित्र बरंच बदललंय.

फास्टॅग. टोल कापला की गाडीमालकाला मेसेज येतो. सोलापूरहून निघालेल्या गाडीचे सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे मेसेज एकामागून एक आले की गाडी कुठवर गेली ते कळतं. फास्टॅग टोलसाठी आला, पण गाडीमालकांनी त्याचा ट्रॅकर करून टाकला.

लॉजिस्टिक्स डेटा बँक, म्हणजे एलडीबी. ही सेवा २०१६ मध्ये न्हावा शेव्यापासूनच सुरू झाली. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावतात आणि बंदराची गेटं, टोलनाके, कंटेनर डेपो इथले रीडर तो टिपतात. तुमच्याकडे कंटेनर नंबर असेल तर वेबसाइटवर टाकून तो शेवटचा कुठे दिसला ते बघता येतं. नंबर ११ खुणांचा असतो: चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा सिस्टिमला लगेच कळतं.

आयसगेट. हे कस्टम्सचं पोर्टल. शिपिंग बिल कुठल्या टप्प्यावर आहे ते इथे दिसतं. २०१७ पासून निर्यातदार कारखान्यातच कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लावू शकतो. बंदरावर अधिकारी ते स्कॅन करतात. सील शाबूत असेल तर सहसा कंटेनर उघडून बघायची गरज पडत नाही. नेपाळला जाणाऱ्या कंटेनरवरही याच विचाराने इलेक्ट्रॉनिक कुलूप लावतात. वाटेत कोणी छेडलं तर ते इशारा देतं.

जहाजाचा नकाशा. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस नावाची यंत्रणा बसवावी लागते. ती जहाजाचं नाव, जागा आणि वेग सतत प्रसारित करते. मरीनट्रॅफिकसारख्या अ‍ॅपवर ते नकाशावर दिसतं.

यूलिप. १७ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर हे सुरू झालं. यूपीआयने बँका जोडल्या, तसं यूलिपने वाहन, सारथी, फास्टॅग, आयसगेट, रेल्वेची मालवाहतूक अशा वेगवेगळ्या सरकारी सिस्टिम एका जागी जोडल्या. एखाद्या स्टार्टअपला यावर अ‍ॅप बनवायचं असेल तर प्रत्येक खात्याचं दार वेगळं ठोठवावं लागत नाही.

याचा फायदा होतो का? होतो. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत २०१८ मध्ये ४४ वा होता, २०२३ मध्ये ३८ वा आला. त्याच अहवालात विशाखापट्टणमचं उदाहरण आहे. ट्रॅकिंग सुरू झाल्यावर तिथे कंटेनर पडून राहायचा काळ २०१५ मधल्या ३२.४ दिवसांवरून २०१९ मध्ये ५.३ दिवसांवर आला. डोळ्यांसमोर आकडा आला की ढिलाई लपवता येत नाही.

दिसतं, पण सगळं नाही

इथे मला एक ‘पण’ लावावा लागतो. या सगळ्या सिस्टिमचा जोर बंदरावर आणि कंटेनरवर आहे. सांगोल्याच्या बागेतून फळ टेम्पोत भरलं, टेम्पो पॅकहाऊसला निघाला, तिथे दुपारच्या उन्हात तासभर थांबला, हा प्रवास कुठल्याच नकाशावर नाही. डाळिंब साधारण ५ ते ७ अंशांवर ठेवतात, केळी १३ ते १४ अंशांवर. केळी त्याहून थंड झाली तर साल काळी पडते, गरम राहिली तर वाटेतच पिकायला लागते. तोडणीनंतरचे पहिले काही तास फळ तापलं तर पुढचे ३८ दिवस फ्रिज कितीही चांगला असला तरी ते नुकसान भरून येत नाही.

दुसरी गोष्ट, ट्रॅकिंग उशीर दाखवतं, उशीर कमी करायला माणसं आणि सोयी लागतात. गावाजवळ प्री-कूलिंग, रिकाम्या कंटेनरचा साठा, कागदपत्रं तिथल्या तिथे तपासणारा कस्टम्स ब्रोकर, छोट्या-छोट्या लोकांचा माल एकत्र करून एक कंटेनर भरणारा कोणीतरी. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३० घनमीटर माल बसतो. एखाद्या छोट्या टॉवेलवाल्याची ऑर्डर ४ घनमीटरची असेल तर त्याने कंटेनर भरायचा कसा? अशा सात जणांना जोडणारा माणूस शहरात असेल तर भाडं सात जणांत वाटलं जातं. नसेल तर तो मुंबईच्या एजंटच्या दारात आठवडा काढतो. याला लॉजिस्टिक्स सेवा म्हणतात. रस्ता हा तिचा फक्त एक भाग.

याची चुणूक आपण पाहिलेली आहे. २८ डिसेंबर २०२० ला देशातली १०० वी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. तो माल देशातच विकला जाणार होता, निर्यात नव्हती. पण तालुक्याच्या स्टेशनवर डबा लागला आणि भाड्यात सवलत मिळाली, तर छोटा शेतकरीही दोन हजार किलोमीटरवरच्या बाजाराचा विचार करू शकतो, हे त्यातून दिसलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. उशीर झाला तर पैसे कोणाचे जातात? बऱ्याच सौद्यांत एफओबी ही अट असते. तिचा अर्थ असा की माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, त्यानंतर घेणाऱ्याची. म्हणजे सोलापूर ते न्हावा शेवा हे ४०० किलोमीटर पूर्णपणे आपल्या माथी. फळांच्या काही सौद्यांत तर शेतकऱ्याचे शेवटचे पैसे परदेशात माल उतरून विकल्यावर ठरतात. “माल खराब निघाला” म्हणून रक्कम कापली गेली, तर फळ बागेतच कच्चं होतं, की कंटेनरचा फ्रिज बंद पडला, की जहाज आठवडाभर चुकलं, हे शेतकऱ्याने कसं ओळखायचं? सगळी माहिती निर्यातदाराकडे आणि शिपिंग कंपनीकडे असते. ज्याच्याकडे माहिती सगळ्यात कमी, त्याच्याच बिलातून कापायला सगळ्यात सोपं.

म्हणून माझ्या मते ट्रॅकिंगचा खरा उपयोग नकाशावर ठिपका बघण्यात नाही. तो पुरावा आहे. कंटेनर गेटवर कधी गेला, जहाजावर कधी चढला, आतलं तापमान कुठल्या दिवशी किती होतं, याची नोंद असेल तर कापलेल्या पैशांबद्दल प्रश्न विचारता येतो.

आणि ज्याच्याकडे कंटेनरभर माल नाही?

तुम्ही इन्स्टाग्रामवर सोलापुरी चादर विकत असाल आणि दुबईतल्या किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबाने दोन चादरी मागवल्या, तर कंटेनरचा प्रश्नच नाही. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. देशभरात अशी हजाराहून जास्त केंद्रं आहेत. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या वेबसाइटवर ५०० रुपये भरून मिळतो. त्यानंतर पार्सलचे निर्यातीचे कागद ऑनलाइन भरून माल पोस्टातून पाठवता येतो.

पण इथेही अनिश्चितता सुटत नाही. अमेरिकेने स्वस्त पार्सलवरची शुल्कमाफी बंद केल्यावर २५ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. मध्ये गेले सात आठवडे. ज्याचा सगळा धंदा अमेरिकेतल्या ग्राहकांवर होता, त्याच्यासाठी हा काळ फार लांबला. शहाणपण हेच की एकाच देशावर आणि एकाच सेवेवर सगळं लावू नये.

मग आपण काय करायचं?

सरकारकडून अपेक्षा आहेतच. सोलापूर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि जून २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. आनंदच आहे. पण प्रवासी विमान आलं म्हणजे फळांची हवाई निर्यात सुरू झाली, असं समजू नका. त्यासाठी कार्गोची सोय, थंड गोदाम आणि कस्टम्सची तपासणी लागते. पुढच्या वेळी कोणी नेता ‘सोलापूर निर्यातीचं केंद्र होणार’ म्हणाला तर रस्त्याचे किलोमीटर विचारण्यापेक्षा हे तीन प्रश्न विचारा: १०० पैकी किती कंटेनर कट-ऑफच्या आत पोहोचतात? छोट्यांचा माल एकत्र करणारी सोय शहरात कुठे आहे? तोडणीनंतर किती तासांत फळ थंड होतं?

पण काही कामं तुमच्या फोनवर आजच होतात. घरी बाग असेल आणि माल निर्यातीला जात असेल, तर निर्यातदाराकडे कंटेनर नंबर मागा. शिपिंग बिलाचा नंबर आणि जहाजाचं नावही विचारून ठेवा. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र असेल तर त्याचा रिपोर्ट मिळेल का, हे सौदा ठरतानाच बोलून घ्या, नंतर नाही. वडिलांना किंवा काकांना वेबसाइट उघडता येत नसेल तर तुम्ही उघडा आणि प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. टॉवेलचा कारखाना असेल तर मागच्या वर्षभरात किती वेळा जहाज चुकलं आणि कशामुळे, याची साधी एक्सेल शीट करा. दहा कारखान्यांच्या अशा शीट एकत्र आल्या तर नेमकं कुठे अडतं हे कळेल, आणि बंदराशी किंवा वाहतूकदाराशी बोलताना तुमच्याकडे तक्रारीऐवजी आकडे असतील.

नोकरीच्या शोधात पुण्याला निघालेल्या मित्रांसाठीही यात काहीतरी आहे. माल एकत्र करणं, कागद तपासणं, तापमानावर लक्ष ठेवणं ही कामं कोणीतरी करणारच आहे. ती न्हावा शेव्याजवळ बसून होतात, तशी चिंचोलीत किंवा टेंभुर्णीत बसूनही होऊ शकतात. त्यातली काही कामं सोलापुरात आली, तर डाळिंबाचा पुढचा कंटेनर कट-ऑफच्या आत गेट ओलांडण्याची शक्यता वाढेल आणि आत्ता मुंबईत राहणारा पैशाचा एक वाटा इथे राहील.